कौल मागण्याआधी



यंदाच्या दिवाळी अंकासाठी आम्ही एकच प्रश्न घेतला आहे : आपल्या श्रद्धेचा निवाडा करायचा कुणी? बुवाने, पोथीने, की ज्याची श्रद्धा त्याने?

कल्याण ते बदलापूर या आपल्या पट्ट्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. इथे बहुतेक जण कुठून ना कुठून उठून आलेले. फाळणीनंतर सिंधमधल्या निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली आणि छावणीचे उल्हासनगर झाले. घरदार मागे राहिले, झुलेलाल आणि गुरुबाणी सोबत आली. टिकाण्यात, म्हणजे सिंधी प्रार्थनास्थळात, गुरू ग्रंथसाहिबशेजारी देवदेवतांच्या तसबिरी लागल्या. ही सिंधमधली जुनीच रीत; ती कुठल्या एका चौकटीत बसते का, याची फिकीर सामान्य माणसाने केली नाही. डॉ. आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात धम्मदीक्षा घेतली, त्यानंतर इथल्या कितीतरी घरांत बुद्धमूर्ती आली. चाळ सोडून बदलापुरात आलेल्यांनी वन बीएचकेत देव्हारा कुठे टांगायचा, ते भिंत बघून ठरवले.

थोडक्यात, आपले आपण ठरवायची सवय या मातीत आहे. तरीही स्टेशनबाहेर पडले की ‘सर्व समस्यांवर खात्रीशीर उपाय’ सांगणारे फलक दिसतात आणि त्यांच्याकडे गिऱ्हाईकही जाते. लोकांना भोळसट म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण लोकलमध्ये लोंबकळून थकलेल्या माणसाला तयार उत्तर हवेसे वाटते, हे समजून घ्यायला हवे. लेडीज डब्यात मागे एक संवाद कानावर पडला. ‘पोरगी सारखी थकते, केस गळतात. अमुक बाबांनी अकरा गुरुवार सांगितलेत,’ एक बाई म्हणाली. समोरची मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘गुरुवार धर की! पण आधी तिचं हिमोग्लोबिन बघ.’ श्रद्धेला धक्का न लावता विवेक कसा शिकवावा, याचा याहून चांगला धडा आमच्या पाहण्यात नाही.

जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ साली आला. त्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून होऊन गेल्यावर आला. कायदा भोंदूला पकडेल. भोंदू ओळखायची नजर मात्र ज्याची त्यालाच कमवावी लागते.

ती कमवायची कशी? बुद्धाने कालाम नावाच्या लोकांना दिलेला उपदेश इथे उपयोगी पडतो. परंपरा सांगते, ग्रंथात आहे किंवा आपला गुरू म्हणतो, एवढ्यावर मान्य करू नका, हे त्यातले आपल्याला आठवते. पण नुसत्या तर्कावर किंवा स्वतःला आवडलेल्या मतावरही विसंबू नका, हेही तिथेच आहे. कसोटी आचरणाची : यातून लोभ, द्वेष, मोह वाढतो की घटतो? जाणती माणसे याला काय म्हणतात? म्हणजे बुवाला उठवून त्याच्या पाटावर आपला अहंकार बसवायचा, असा हा सौदा नव्हे. गाडगेबाबांचे कीर्तनही असेच. ते समोरच्यांना प्रश्नावर प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घेत. त्यांनी ना मठात गादी चालवली, ना शिष्य केले. ज्या गुरूला प्रश्न विचारता येत नाही, त्याच्यापासून चार हात लांब राहावे, हे तिथून शिकावे.

विवेकाची खरी परीक्षा मात्र आज्ञा संपते तिथे होते. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२चे, म्हणजे १०६० सालचे. महाशिवरात्रीला तिथे रांगा लागतात, गाभाऱ्यात पायऱ्या उतरून पिंडीवर बेल वाहिला जातो. त्याच मंदिराला लागून वालधुनी नदी वाहते, आणि कारखान्यांचे सांडपाणी व आपल्या घरांतला मैला पोटात घेऊन तिचा नाला झाला आहे. उपास कुठला, अभिषेक किती, हे सांगणारे पुष्कळ. नदीत घाण सोडणे पाप आहे, हे कुणी बजावले नाही म्हणून आपण ते पाप धरलेच नाही. सांगितले तेवढेच पाळायची सवय लागली की असे होते.

या अंकात कीर्तनकार आहेत, निरीश्वरवादी आहेत, रोज पूजा करणाऱ्या गृहिणीही आहेत. त्यांचे आपसात पटत नाही आणि आम्ही ते जुळवायला गेलो नाही. अंक वाचून घरात वाद झाला तर होऊ द्या. फक्त त्या वादात घरातल्या धाकट्यालाही बोलू द्या.

— संपादक