अळीची नोंद होते, माणसाची कधी?

हल्ली ज्या त्या संस्थेला 'ॲजाईल' होण्याची घाई झाली आहे. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील युटा येथे १७ संगणकतज्ज्ञांनी या चपळ कार्यपद्धतीचा जाहीरनामा काढला. सांगणे साधे होते : वर्षभराचा आराखडा वरून लादू नका. कामाचे लहान तुकडे पाडा, थोड्या थोड्या दिवसांनी तपासा आणि चुकत असेल तर वेळीच वाट बदला. अमरावती-अकोल्याहून पुण्यातील संगणक कंपन्यांत गेलेल्या आमच्या मुलांना ही पद्धत पाठ आहे. रोज पंधरा मिनिटे उभ्यानेच बैठक होते आणि काम कुठे अडले, हे प्रत्येक जण सांगतो.

वऱ्हाडलाही हे नवे नाही. २००८ च्या खरिपात पाने खाणाऱ्या अळ्यांनी सोयाबीनचा फडशा पाडला. त्यानंतर २००९ मध्ये राज्यात 'क्रॉपसॅप' हा कीड-रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. ठरलेल्या शेतांत जाऊन अळ्या मोजायच्या, आकडे संगणकावर चढवायचे, अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या संस्थांतील तज्ज्ञांनी सल्ला द्यायचा आणि तो त्याच हंगामात शेतकऱ्याच्या मोबाईलवर पोहोचवायचा. सरकारी खातेही चपळ होऊ शकते, हे यातून सिद्ध झाले.

पण २०१७ साली काय घडले? कपाशीवर फवारणी करताना एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले. अकोला, अमरावतीतही लोक बाधित झाले. रुग्ण ऑगस्ट-सप्टेंबरपासून दवाखान्यात येत होते. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली चौकशी पथक नेमले गेले ते मात्र ऑक्टोबरात! पानावरची अळी आठवड्याच्या आत संगणकावर चढत होती. पाठीवर पंप घेतलेल्या मजुराची उलटी, त्याच्या डोळ्यांपुढची अंधारी मात्र कोणत्याच रकान्यात बसत नव्हती.

कायदा नव्हता असे कोणी म्हणू नये. कीटकनाशक अधिनियम, १९६८ च्या कलम २६ नुसार राज्य शासन अधिसूचना काढून विषबाधेची प्रत्येक घटना कळविणे बंधनकारक करू शकते. फवारणी करणाऱ्याला संरक्षक कपडे हवेत, असे १९७१ चे नियम सांगतात. उणीव होती ती खालून वर जाणाऱ्या वाटेची.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. भिंतीवर फळा टांगून, रंगीत चिठ्ठ्या चिकटवून कोणतीही संस्था चपळ होत नाही. शेवटच्या माणसाला 'इथे अडले' असे बिनधास्त सांगता आले पाहिजे आणि त्याच्या सांगण्यावर वरचा निर्णय बदलला पाहिजे. हीच तिची खरी परीक्षा. कंत्राटी कामगार, शिपाई, मजूर यांना बैठकीबाहेर ठेवून चाललेली चपळाई ही साहेबांचीच सोय होय.

फवारणीच्या हंगामात प्राथमिक आरोग्य केंद्रातील विषबाधेचा प्रत्येक रुग्ण त्याच दिवशी कृषी खात्याला कळला पाहिजे. अळ्यांच्या तक्त्यात माणसासाठी एक रकाना वाढवा. त्याला किती खर्च येतो?