कच्चं कोण ठरवतं, पक्कं कोण ठरवतं?



पावसाळा तोंडावर आला. पूर्वी या दिवसांत पाड्यापाड्यावर एकच घाई असायची, छपरं शाकारायची. यंदा आपल्या पाड्यावर किती घरं शाकारली ते मोजा. एका हाताची बोटं पुरतील. बाकीच्यांवर पत्रे आले. थोडे लोखंडी, जास्ती सिमेंटचे, करड्या रंगाचे. सरकारी माणूस म्हणतो, घर पक्कं झालं, सुधारणा झाली. आम्ही विचारतो, ही सुधारणा कोणाच्या छातीवर बसली?

मागच्या बैठकीत दाव्यांची चर्चा चालली होती. मागे बसलेली एक म्हातारी उठून म्हणाली, "पत्रा आला तेव्हापासून धूर घरात राहतो न् आम्ही बाहेर." सगळे हसले. पण बाया हसल्या नाहीत. त्या दिवशी आमच्या ध्यानात आलं की छपराचा प्रश्न हा जमिनीच्या प्रश्नापासून वेगळा नाही. म्हणून हे लिहितो.

आधी धुराचं बघू. आपलं जुनं घर म्हणजे कारवीचा कूड, वर शेणमातीचा लिंपा, बांबूचे वासे आणि गवत, नाहीतर हाताने थापलेली नळीची कौलं. अशा छपराला हजार फटी. चुलीचा धूर वर चढतो आणि कौलांमधून, गवतामधून, आढ्याखालून हळूहळू निघून जातो. त्याच धुराने वाशांची कीडही आटोक्यात राहते. छप्पर पाणी अडवायचं, हवा अडवत नव्हतं.

आता पत्रा. वर फट नाही, आढ्यावर कोन्या घट्ट बसवलेल्या. पावसाचे चार महिने दार लोटलेलं, लाकूड ओलं, आणि धुराला वाट नाही. तो छपराला धडकून खाली येतो, नेमका चुलीपुढे बसलेल्या बाईच्या आणि तिच्या मांडीवरच्या पोराच्या उंचीला. उन्हाळ्यात तोच पत्रा तापून भट्टी होतो.

जुन्या घरात धूर नव्हता असं आम्ही म्हणत नाही. आपल्या आज्यांचे डोळेही त्यानेच गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने २०२० साली जगात घरातल्या धुराने सुमारे ३२ लाख माणसं मेली, आणि त्यात पाच वर्षांखालची दोन लाखांहून जास्त पोरं होती. पोरांना या धुराने न्यूमोनिया होतो, बायांना दम लागतो. गॅसची टाकी मिळाली खरी, पण ती भरायला पैसे कुठून आणायचे? टाकी कोपऱ्यात आणि चूल पेटलेली, हे घरोघरचं चित्र आहे. धूर आधीचाच होता, त्याची बाहेर जायची वाट बंद केली ती या 'पक्क्या' छपराने.

दुसरी गोष्ट धुरापेक्षा वाईट, कारण ती दिसत नाही. सिमेंटचा जुना पत्रा मोडला की कडेला बारीक तंतू दिसतात. पुष्कळ पत्र्यांत ते ॲस्बेस्टॉसचे असतात. ॲस्बेस्टॉस हा खाणीतून निघणारा दगड, त्याचे केसाहून कितीतरी बारीक धागे होतात. पत्रा धड असतो तोवर ते सिमेंटात बांधलेले राहतात. पत्रा करवतीने कापला, भोक पाडलं, वादळात फुटला किंवा उन्हापावसाने झिजून वरचा थर सुटला, की धागे हवेत उडतात. श्वासावाटे फुप्फुसात गेले की तिथेच रुततात, पुष्कळसे परत निघत नाहीत. त्याने फुप्फुसं दगडासारखी ताठ होतात, कॅन्सर होतो. रोग लगेच दिसत नाही. पंधरा, वीस, कधी चाळीस वर्षांनी दिसतो. तोवर पत्रा कोणी विकला हे कोणाला आठवत नाही.

कंपनीवाले सांगतात, आम्ही वापरतो तो पांढरा ॲस्बेस्टॉस, त्याने काही होत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, ॲस्बेस्टॉसच्या सगळ्या जातींनी कॅन्सर होतो. जगातल्या ५० हून जास्त देशांनी त्यावर बंदी घातली. युरोपच्या संघातल्या देशांत २००५ पासून तो पूर्ण बंद आहे. आपल्या देशात मात्र तो रशियासारख्या देशांतून जहाजाने येतो आणि गरिबाच्या डोक्यावर चढतो.

१९९५ साली सुप्रीम कोर्टाने ॲस्बेस्टॉसच्या कामगारांबद्दल निकाल दिला. कामावर लागल्यापासून ४० वर्षं प्रत्येक कामगाराच्या तब्येतीची नोंद ठेवा, असं कारखानदारांना बजावलं. बरं झालं. पण त्याच पत्र्याखाली जो ४० वर्षं झोपतो, त्याच्या तब्येतीची नोंद कोण ठेवणार? फुटक्या पत्र्याच्या तुकड्यांनी अंगणात घर-घर खेळणाऱ्या पोरांचं रजिस्टर कुठल्या कचेरीत आहे?

आता मुख्य सवाल. आपण गवत सोडून पत्रा का घेतला? हौस होती म्हणून?

आपलं गवत चोरी ठरलं म्हणून. भारा डोक्यावर घेऊन येताना नाक्यावर गार्ड अडवतो, कोयता काढून घेतो, आणि कोंबडी दिली की सोडतो. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी टाकते आणि वाळून जाते. तीही तोडायची नाही. बांबूचं तर विचारूच नका. चंद्रपूर-गडचिरोलीकडचा बांबू वर्षानुवर्षं कागद गिरण्यांना सवलतीत गेला, आणि घराला चार वासे तोडणारा आदिवासी गुन्हेगार ठरला. दर साली भीत भीत शाकारण्यापेक्षा कर्ज काढून एकदाच पत्रा टाकू, असं माणूस ठरवतो. त्याला दोष कसा द्यायचा? त्याच्यापुढे दुसरी वाट ठेवलीच नाही.

आणि तमाशा बघा. तेच गवताचं छप्पर शहरवाल्यांच्या रिसॉर्टवर चढलं की त्याला निसर्गाचं घर म्हणतात आणि एका रात्रीचे हजारो रुपये घेतात. आपल्या घरावर असलं की ते मागासपण.

कागदावरही तेच. २०११ ची सामाजिक, आर्थिक व जात गणना आठवा. तिच्याच यादीवरून पुढे घरकुलं ठरली. त्या गणनेत गवत, बांबू आणि हाताने केलेली कौलं ही 'कच्ची' छपरं. आणि पक्क्यांच्या यादीत कोण? लोखंडी आणि ॲस्बेस्टॉसचे पत्रे! आपल्या हाताने केलेलं कौल कच्चं आणि कॅन्सरचा पत्रा पक्का. ज्याने वीटभट्टीवर राबून वरती पत्रा टाकला, त्याच्या घराची नोंद 'पक्कं छप्पर' अशी झाली. म्हणजे विषही घ्यायचं आणि यादीतूनही जायचं.

कोणी म्हणेल, ही संघटना आपल्याला परत झोपडीत ढकलते. तसं नाही. गवताला आग लागते, ते दरवर्षी बदलावं लागतं, त्यात विंचू-इंगळी निघते, हे आम्हालाही माहीत आहे, आम्ही त्याखालीच वाढलो. ज्याला मंगलोरी कौल पाहिजे त्याने ते घालावं. ज्याला लोखंडी पत्रा परवडतो त्याने तो घालावा, खाली बांबूचा तट्ट्या ठोकावा म्हणजे ताप कमी होतो, आणि आढ्याशी धुराला वाट ठेवावी. ज्याला गवत हवं त्याला गवत मिळावं. आमचं म्हणणं एवढंच, की निवड आपली पाहिजे. जंगल हातात नसेल तर निवड दुकानदाराची आणि ठेकेदाराची होते.

यासाठी कायदा आपल्या बाजूने आहे. २००६ चा वनहक्क कायदा काढून बघा. गौण वनोपज म्हणजे इमारती लाकूड सोडून वनस्पतीपासून मिळणारं सगळं, असं त्यात लिहिलं आहे. बांबूचं तर नाव घेऊन लिहिलं आहे. गवत, कारवी, पळसाची-सागाची पानं, बांधायच्या वेली, सगळं त्यात येतं. खांब-वाशांसाठी निस्ताराचा हक्क आहे, म्हणजे घरच्या गरजेपुरतं जंगलातून घ्यायचा. तो कुठल्याही नावाने असो, संस्थानी काळापासून चालत आलेला असो, कायदा तो मानतो. आपल्याकडे जव्हार संस्थान होतं, म्हणून हे ध्यानात ठेवा. आणि २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे वनोपजाच्या वाहतुकीचा परवाना द्यायचा तो ग्रामसभेच्या समितीने. नाक्यावरच्या गार्डाने नाही.

हे होत नाही असं म्हणू नका. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली सामूहिक हक्क मिळवला, आणि २०११ साली स्वतःचा बांबू स्वतःच्या परवान्याने विकला. ती आपल्यासारखीच माणसं आहेत.

मग करायचं काय?

एक. सामूहिक दाव्यात फक्त मोह, डिंक, तेंदूपान लिहून थांबू नका. छपराचं गवत, कारवी, बांबू, पानं, वेली एकेक नाव घेऊन लिहा. कुठल्या डोंगरावरून, कुठल्या महिन्यात आणतो तेही लिहा. जे लिहिलं नाही ते साहेब देणार नाही.

दोन. जुनं घर मोडायच्या आधी ग्रामसभेकडून पाहणी करून घ्या आणि फोटो काढा. नियमांत घर, झोपडी हा पुरावा धरला आहे, आणि म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाबही. आजोबांची मेढ उखडून पत्रा टाकलात तर आपल्याच हाताने दाव्याचा साक्षीदार मारलात असं होईल.

तीन. घरकुलाचे १ लाख २० हजार, डोंगरी भागात १ लाख ३० हजार, हे तुमचे आहेत. योजनेचा नियमच आहे की घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचं, ठेकेदार नेमायचा नाही. ठेकेदार सिमेंटचे पत्रे घेऊन दारात उभा राहिला तर परत पाठवा.

चार. ज्यांच्या घरावर सिमेंटचा पत्रा आहे त्यांनी घाबरून तो फोडू नये. धड पत्रा तसाच राहू द्या. घासू नका, कापू नका, भोकं पाडू नका. काढावाच लागला तर पाणी मारून ओला करा आणि अख्खा उतरवा. तुकडे चुलीला, गोठ्याला, वाटेवर टाकायला वापरू नका. त्याचा भुगा कोरडा झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा. तुकडे प्लास्टिकात बांधून पोरांच्या हाताबाहेर ठेवा आणि ते नेण्याची जबाबदारी सरकारने घ्यावी असा ठराव करा.

पाच. शाळा, आश्रमशाळा, अंगणवाडी यांवर कुठला पत्रा आहे ते ग्रामसभेने जाऊन बघा. ॲस्बेस्टॉस असेल तर बदलायचा ठराव घ्या, पोच घ्या, पोच जपून ठेवा.

सहा. लोखंडी पत्र्याच्या घरात या पावसाळ्याआधीच आढ्यावरची कोनी वीतभर उचलून बसवा, पाऊस आत येणार नाही अशी. पैसा लागत नाही, दोन माणसं आणि अर्धा दिवस लागतो. शेजाऱ्याने शेजाऱ्याचं करावं, शाकारणीला करायचो तसं.

पाड्यावरच्या पुढच्या बैठकीत दाव्याचा कागद वाचला जाईल, मग तो उपविभागीय समितीकडे जाईल. त्या बैठकीला बायांनी यायचंच. चुलीपुढे त्या बसतात, गवताचा भारा त्या आणतात, आणि गार्डाच्या शिव्याही त्याच खातात. कुठलं गवत कुठे उगवतं हे त्यांना जेवढं ठाऊक आहे तेवढं कुठल्याही साहेबाच्या नकाशात नाही.

घर कच्चं की पक्कं हे सरकारने ठरवलं, आणि त्यात आपली फुप्फुसं मोजली नाहीत. आता आपण ठरवू. ज्या छपराखाली पोराला मोकळा श्वास घेता येतो ते पक्कं. आणि ज्या जंगलातून ते छप्पर येतं त्यावर आपला हक्क लागला, की ते त्याहून पक्कं.