उशिराची परसबाग

‘वास्तुशांत मार्गशीर्षात झाली, सामान लागेपर्यंत पौष उजाडला, आता भाजीपाला लावायचा तो पुढच्या वर्षीच!’ दुर्ग-भिलाईच्या बोरसी भागात नव्या घरी राहावयास आलेल्या मराठी कुटुंबांत हे वाक्य दर हिवाळ्यात कानी पडते. कारखान्याच्या किंवा अन्य कार्यालयाच्या क्वार्टरमध्ये उभी हयात काढून निवृत्तीच्या पैशातून घर बांधलेली ही मंडळी. क्वार्टरच्या मागे वांगी-मिरची पिकवण्याची त्यांना सवय असते, म्हणूनच हंगाम टळल्याची हळहळही अधिक. माझे मत मात्र निराळे आहे. पौषात हंगाम संपत नाही, तो कूस बदलतो. आणि ‘पुढच्या वर्षी’ म्हणून सोडलेल्या अंगणात उन्हाळ्यापूर्वीच सिमेंटचे ठोकळे बसतात, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. धुळीला कंटाळून गवंड्याला बोलावले जाते आणि त्या घरापुरता परसबागेचा विषय कायमचा मिटतो.

छत्तीसगढात घरामागच्या भाजीच्या जागेस ‘बाडी’ म्हणतात. आपल्या झाडीपट्टीत तिलाच सांदवाडी हे नाव आहे. राज्य शासनाने २०१९ साली ‘नरवा, गरवा, घुरवा, बाडी’ हा कार्यक्रम आखला, तेव्हा ओढा, गुरे आणि उकिरडा यांच्या पंक्तीला बाडीला मानाचे पान दिले. लाल भाजी, चेच भाजी, पटवा म्हणजे आपली अंबाडी, मुनगा म्हणजे शेवगा. येथील जेवण पालेभाज्यांनी जितके भरलेले असते तितके पुण्या-मुंबईकडे क्वचितच आढळते. १७४१ मध्ये भास्करपंतांची स्वारी या प्रांती आली, पुढे बिंबाजी भोसले रतनपुरास राहिले, तेव्हापासून मराठी माणूस येथे आहे. येथील भाज्यांची नावे त्याच्या स्वयंपाकघरात रुळली, त्याला आता बराच काळ लोटला.

उशिराच्या पेरणीचे शहाणपणही याच मातीत आहे. धान कापणीस येण्यापूर्वी पंधरा-वीस दिवस, उभ्या पिकातच, येथील शेतकरी तिवऱ्याचे बी फेकतो. यास उतेरा म्हणतात. विदर्भाच्या धानपट्ट्यातील लाखोळीही अशीच पेरली जाते. नांगरट नाही, वेगळे पाणी नाही. बांधीत जी ओल उरली आहे तिच्यावरच पीक येते आणि थंडीत त्याच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी होते. हातून काय गेले यापेक्षा काय उरले आहे, हा हिशेब तो आधी मांडतो.

मग पौषात काय उरलेले असते? छेरछेऱ्याच्या पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे साधारण जानेवारीत, थंडीचे पाच-सहा आठवडे हाती असतात. तेवढ्यात मेथी, पालक आणि लाल माठ निश्चित निघतात. मेथी तीन-चार आठवड्यांत खुडता येते, पालकास महिनाभर लागतो. मुळा व कोथिंबीरही जमतात. मात्र फेब्रुवारीअखेरीस ऊन तापू लागले की दोन्ही फुलावर येतात, म्हणून वाट न पाहता कोवळी असतानाच काढावीत. फुलकोबी आणि वाटाणा यांचा नाद मात्र सोडावा. उशिरा लावलेल्या फुलकोबीचा गड्डा सुपारीएवढा होऊनच थांबतो अथवा उन्हाने विस्कटतो. वाटाणा भुरी रोगाने आणि उष्णतेने जातो. रोपवाटिकेत या दिवसांत स्वस्तात मिळणारी उंच, पिवळट, वयात आलेली रोपे घेण्याचा मोहही टाळावा. हंगामात खपली नाहीत म्हणूनच ती स्वस्त असतात.

उशिरा येणाऱ्याची खरी कमाई पुढे आहे. दुधी, दोडका, कारले, काकडी यांचे बी थंडीत उगवावयास कुरकुरते. ते रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, ओल्या फडक्यात गुंडाळून उबेस ठेवावे. मोड दिसताच माती व शेणखत भरलेल्या पिशव्यांत लावावे. रथसप्तमीनंतर थंडी ओसरली की ही रोपे जमिनीत जातात. भेंडी व गवार तेव्हा थेट पेरता येते. वेल मांडवावर चढून धरू लागतात ते एप्रिलच्या आसपास, जेव्हा हिवाळी भाजी बाजारातून गेलेली असते आणि दुर्गच्या उन्हात बाजारापर्यंत जाणेही नकोसे होते. ज्याने ऑक्टोबरात वाफे भरले त्याची जागा त्या वेळी कोबीखाली अडकलेली असू शकते. आपली मोकळी असते.

मातीविषयी दोन शब्द. येथे भाटा, मटासी, डोरसा, कन्हार असे जमिनीचे चार प्रकार लोक मानतात. घर मुरमाड भाट्यावर असेल तर पाणी टिकत नाही. काळ्या कन्हारीवर असेल तर ते साचते. पण नव्या घराभोवती बहुधा यांपैकी काहीच नसते, असतो तो बांधकामाचा मलबा! सिमेंट-चुन्याने भरलेला हा थर वीतभर तरी उपसून टाकावा, दुसरी माती व कुजलेले शेणखत भरावे. माझ्या मते सगळ्या खटाटोपात हे एकच काम खर्चाचे आणि कंटाळ्याचे आहे, आणि तेच बहुतेक जण टाळतात.

पैसे वाचतील का, असे बँकेच्या नियतकालिकाचे वाचक विचारणारच. प्रामाणिकपणे सांगावयाचे तर पहिल्या वर्षी नाही. फेब्रुवारीत पालकाची जुडी बाजारात स्वस्तच असते. परंतु हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहारविषयक मार्गदर्शनानुसार दिवसाला ४०० ग्रॅम भाजी माणसाच्या पोटात जावयास हवी. दोघांच्याच घरात, निवृत्तीनंतर, इतकी भाजी आणून, निवडून खाण्याचा उत्साह किती जणांना असतो? दाराशी उगवलेली मेथी मात्र वाया जाऊ द्यावीशी वाटत नाही, म्हणून ती खाल्ली जाते.

अंगणात ठोकळे बसवायचेच असतील तर अवश्य बसवावेत. पावसाळ्यातील चिखल कोणाला आवडतो? फक्त गवंड्यास पूर्वेकडच्या भिंतीलगत चार फुटांची पट्टी मोकळी ठेवावयास सांगावे, आणि मांडवाचे दोन लोखंडी खांब ठोकळे बसण्यापूर्वीच रोवून घ्यावेत. नंतर ते रोवावयाचे म्हणजे पुन्हा फोडाफोड आली.