मारधाडीचे खेळ आणि आपली मोजपट्टी

‘मारामारीचे व्हिडिओ खेळ खेळून मुले हिंसक बनतात’ असे कोणी म्हणाले, की तुम्ही चिडता आणि तुमचे शिक्षक मान डोलावतात. माझ्या मते दोघांनीही आधी एकच प्रश्न विचारावा : आक्रमकता मोजली कशी?

१९६१ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बांडुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ७२ लहान मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. ‘बोबो’ ही हवा भरलेली, ढकलली तरी पुन्हा उभी राहणारी बाहुली. मोठे माणूस तिला बडवताना ज्या मुलांनी पाहिले, त्यांनीही तिला अधिक बडवले. मुले अनुकरण करतात, हे यातून दिसले. पण ती बाहुली मुळी बडवण्यासाठीच बनवलेली! तिला मारणे म्हणजे वर्गमित्राला मारणे नव्हे.

पुढे दुसरी एक पद्धत रूढ झाली. बटण दाबण्याच्या चढाओढीत हरलेल्या, समोर न दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला कर्कश आवाज ऐकवायचा. तो किती मोठा आणि किती वेळ ऐकवला, यावरून आक्रमकता ठरवायची. पण पहिलाच आवाज धरायचा, की सर्वांची सरासरी? तीव्रता, काळ, की दोहोंचा गुणाकार? संशोधकांच्या निबंधांत अशा दीडशेहून अधिक रीती आढळल्या आहेत. दोलकाच्या प्रयोगात गुरुत्व त्वरण ९८० यावे म्हणून नकोशी निरीक्षणे खोडणारा विद्यार्थी आठवा! हेतू वाईट नसला, तरी इतक्या वाटा मोकळ्या असल्या की हवे ते उत्तर सापडते.

उपाय साधा आहे. गणित कसे मांडणार, हे उत्तर पाहण्यापूर्वीच लिहून ठेवायचे. २०१९ साली प्शिबिल्स्की व वाइनस्टाइन यांनी ब्रिटनमधील १४-१५ वर्षांच्या सुमारे १,००० मुलांची पाहणी अशीच केली. खेळ किती हिंसक हे अधिकृत वर्गवारीवरून ठरवले आणि वागणुकीबद्दल पालकांना विचारले. दोहोंत संबंध आढळला नाही.

म्हणजे रात्रभर खेळायला मोकळीक? तसे नव्हे. पालकांचे मत हीदेखील अचूक मोजपट्टी नाही, आणि एका पाहणीने प्रश्न मिटत नाही. ओरडणे, ढकलणे अशा वागण्याशी या खेळांचा लहानसा संबंध दिसतो, पण प्रत्यक्ष हिंसाचाराचा दोष त्यांना देण्याइतका पुरावा नाही, असे अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०२० साली सांगितले. शिवाय संबंध म्हणजे कारण नव्हे. मुळात तापट असलेल्या मुलालाच असे खेळ आवडत असतील!

हा नुसता वादाचा विषय नाही. वर्गात एखाद्याने मारामारी केली, की खेळाला दोष देऊन आपण मोकळे होतो. त्याला कोणी छळते आहे का, त्याच्या घरी काय चालले आहे, हे विचारायचे राहून जाते. तेव्हा निष्कर्ष वाचण्याआधी मोजपट्टी पाहा. आणि निष्कर्ष आपल्या आवडीचा असेल, तर दोनदा पाहा.