चौघांत एक फोन पुरे!

शिक्षक बंधू-भगिनींनो, वर्गात कहूट लावलं की चार-पाच मुलांचे फोन खेळात येतच नाहीत आणि आपण म्हणतो, "नेटच नाही!" गगनबावडा, शाहूवाडीच्या डोंगराळ भागात ते खरंही असतं. पण रेंज चांगली असेल तर आधी फोन मोजा. बऱ्याच मोबाईलच्या हॉटस्पॉटवर साधारण १० च फोन जोडता येतात. अकरावा पोरगा मग नुसता बघत बसतो. जुन्या फोनला हॉटस्पॉटचं नावच दिसत नसेल तर सेटिंगमध्ये ५ ऐवजी २.४ गिगाहर्ट्झ निवडा.

पण माझं म्हणाल तर, प्रत्येकाला फोन हवाच कशाला? चौघांत एक द्या. नेटवरचा भार कमी होतो, शिवाय उत्तर दाबण्याआधी मुलं एकमेकांशी वाद घालतात, पटवून देतात. मला तर गुणांपेक्षा तो वादच मोलाचा वाटतो. आणि पालकहो, घरातला एकुलता एक फोन वडिलांबरोबर सकाळीच गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत जातो, त्या मुलानं काय करायचं? त्यासाठी नवा फोन घेऊ नका.

तेवढे फोनही जमत नसतील तर प्लिकर्सची कागदी कार्डं छापा. मुलं उत्तराप्रमाणे कार्ड फिरवून धरतात, बाईंच्या एकाच फोनचा कॅमेरा सगळ्यांची उत्तरं टिपतो. फक्त कार्ड धरताना खुणेवर बोटं येऊ देऊ नका.