आधी दार, मग वॉट

गाडीतला आवाज वॉटवर ठरतो, ही दुकानदारांनी पोसलेली अंधश्रद्धा आहे. मीही फसलो. महागडे स्पीकर बसवले, तरी डग्गा पत्र्याच्या डब्यासारखाच वाजला. दोष दाराचा होता. स्पीकरच्या मागून निघणारी उलटी लहर आतल्या पत्र्याच्या भोकांतून गाडीत शिरते आणि पुढचा खर्ज मारते. मी भोकं बुजवली, पत्र्याला ब्यूटिलचे पट्टे चिकटवले, 60 हर्ट्‌झखालचा भार काढला. उजवा स्पीकर चालकाला जवळ; आवाज मिलिसेकंदात सुमारे 34 सेंटिमीटर जातो, म्हणून अंतराच्या फरकाइतका उशीर त्याला दिला. स्पीकर तेच, पण डग्गा घुमला. आता दुकानदार वॉट सांगू लागला, की मी एकच विचारतो: दाराचं काय करणार?