घरातलं चाक आणि मातीची धूळ

मागच्या गॅलरीत चाक मांडून कपबशा, बरण्या घडवणाऱ्या माझ्या शेजारणीला लोक म्हणतात, "छान, घरबसल्या छंद!" छंद कसला? दिवसभर वाकून पाठ मोडून निघते. पण पाठीपेक्षाही जपायची ती छाती. ओल्या मातीचं भय नाही. वाळलेल्या मातीच्या धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिस जडतो, आणि तो बरा होत नाही. म्हणून तिच्या गॅलरीत केरसुणीला बंदी! फरशी ओल्या फडक्यानेच पुसायची. मातीने माखलेला झगा उतरवल्याशिवाय मुलाला जवळ घ्यायचं नाही. हात, अवजारं बादलीतच धुवायची. मोरीत माती गेली, की ती तुंबलीच म्हणून समजा. खाली बसलेला गाळ मात्र टाकू नका हं, थोडा सुकवून मळला की पुन्हा चाकावर चढतो.